सी मधला व्हेरिएबलचा स्कोप: नाव कुठवर दिसतं आणि जागा कधीपर्यंत टिकते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सी भाषेत पाच विषयांच्या गुणांची बेरीज करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. लूपच्या आत छापलं तर आकडे येतात, लूपच्या बाहेर छापलं की शून्य येतं. कंपायलर एकही चूक दाखवत नाही. वर्गमित्राने सांगितलं की सगळी व्हेरिएबल्स (किंमत साठवणाऱ्या जागांची नावं) मेन या मुख्य फंक्शनच्या वर नेऊन ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामला दिसणारी, कर. तसं केलं आणि उत्तर बरोबर आलं. मग स्कोप शिकायचाच कशाला, आणि स्टॅटिक म्हणजे नेमकं काय, असं तुम्ही विचारलंय.

गेली १९ वर्षं मी एम्बेडेड उपकरणांसाठी सी लिहितो आहे. नवीन मुलांचा कोड तपासताना हा घोटाळा मला दर काही महिन्यांनी दिसतो, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो. इथे कोड देवनागरीत मांडलाय तो वाचायला सोपा जावा म्हणून. प्रत्यक्षात टाइप करताना तो नेहमीसारखा रोमन लिपीतच लिहायचा.

तुमच्या प्रोग्रामचा गाभा एवढाच आहे:

इंट बेरीज = ०;
फॉर (इंट आय = ०; आय < ५; आय++) {
    इंट बेरीज = ०;
    बेरीज = बेरीज + गुण[आय];
}

महिरपी कंसाच्या आतली पहिली ओळ बघा. तिथे ‘इंट’ लिहिलं त्या क्षणी तुम्ही दुसरं, स्वतंत्र व्हेरिएबल तयार केलंत. नाव तेच, पण जागा वेगळी. आतल्या ओळीने जी भर घातली ती त्या दुसऱ्या बेरजेत. बाहेरच्या बेरजेला कोणी हातच लावला नाही, म्हणून ती शून्यच राहिली. आत छापलेले आकडेही पुन्हा एकदा बघा. ती वाढत जाणारी बेरीज नाही, एकेका विषयाचे सुटे गुण आहेत, कारण आतली बेरीज प्रत्येक फेरीत नव्याने शून्यापासून सुरू होते.

मित्राचा उपाय लागू पडला त्याचं कारण त्याला वाटतं ते नाही. डिक्लरेशन्स (व्हेरिएबल तयार करणाऱ्या ओळी) वर नेताना आतलं ‘इंट’ निघून गेलं, म्हणून उत्तर बरोबर आलं. बाहेरचं व्हेरिएबल ग्लोबल केलं असतं आणि आतली ओळ तशीच ठेवली असती, तर तरीही शून्यच छापलं गेलं असतं. करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. ही गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली असली की पुढचं सगळं सोपं जातं.

नाव शोधण्याची कंपायलरची पद्धत आपल्या घरातल्यासारखीच आहे. घरात ‘दादा’ म्हणून हाक मारली की घरातला थोरला भाऊ ओ देतो. गल्लीत आणखी चार दादा असले तरी त्यांच्यापर्यंत ती हाक जात नाही. घरात दादा नसेलच तर मग गल्लीतला. सी मध्ये आधी सगळ्यात आतला ब्लॉक (महिरपी कंसांमधला भाग), मग त्याला वेढणारा ब्लॉक, असं करत फंक्शनचा बाहेरचा कंस आणि शेवटी फाइल. पहिल्यांदा जिथे नाव सापडेल तिथे शोध थांबतो. आतल्या नावाने बाहेरचं नाव झाकलं जातं, याला शॅडोइंग म्हणतात. भाषेच्या नियमाने ते पूर्ण वैध आहे, म्हणून कंपायलर गप्प बसतो. जीसीसी या कंपायलरला ‘-डब्ल्यूऑल’ हा नेहमीच्या वॉर्निंग चालू करणारा पर्याय दिला तरी याची वॉर्निंग येत नाही, ‘-डब्ल्यूशॅडो’ वेगळं द्यावं लागतं. सगळ्या वॉर्निंग लावल्यात या समजुतीत असलेल्या अनुभवी माणसांनाही हे माहीत नसतं.

आता मुख्य मुद्दा. व्हेरिएबलबद्दल दोन वेगळे प्रश्न असतात आणि आपल्याकडे ते एकाच तासात, एकाच तक्त्यात शिकवून एकमेकांत मिसळले जातात. पहिला प्रश्न: हे नाव कोडच्या कोणत्या ओळींत वापरता येतं? हा स्कोप. तो कागदावर बोट ठेवून ठरवता येतो, प्रोग्राम चालवायची गरज नाही. दुसरा प्रश्न: या नावामागची मेमरीतली जागा कधीपासून कधीपर्यंत आपली असते? हा आयुष्याचा प्रश्न, आणि तो प्रोग्राम चालतानाचा. फंक्शनमधल्या साध्या व्हेरिएबलच्या बाबतीत दोन्ही उत्तरं जवळपास सारखी येतात, त्यामुळे दोन्ही एकच आहेत असं वाटू लागतं. स्टॅटिक आलं की ती फारकत लगेच दिसते:

व्हॉइड मोज(व्हॉइड) {
    स्टॅटिक इंट किती = ०;
    किती++;
}

‘किती’ हे नाव या कंसाबाहेर कुणालाही दिसत नाही. स्कोप अगदी चिंचोळा आहे. पण त्याची जागा प्रोग्राम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत टिकते. शंभर वेळा फंक्शन बोलावलं की त्यात शंभर असतात. ‘= ०’ ही ओळ प्रत्येक वेळी चालते असं पुष्कळांना वाटतं. ती चालत नाही, सुरुवातीची किंमत प्रोग्राम सुरू होण्याआधीच भरून ठेवलेली असते. म्हणूनच सी मध्ये तिथे स्थिर किंमतच द्यावी लागते, एखाद्या फंक्शनचं उत्तर देता येत नाही. काहीच दिलं नाही तर ती शून्य धरली जाते. साध्या लोकल व्हेरिएबलला अशी कोणतीही हमी नाही, त्यात सुरुवातीला काय असेल ते सांगता येत नाही.

उलट बाजूचं उदाहरणही घ्या. फंक्शनमध्ये दहा अक्षरांचा अ‍ॅरे घेतला, त्यात नाव भरलं आणि त्याचा पत्ता परत पाठवला. बोलावणाऱ्याच्या हातात पॉइंटर (पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) आहे, पण फंक्शन संपताच त्या जागेचं आयुष्य संपलंय. स्टॅकवरची (चालू फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीतली) ती जागा पुढच्या फंक्शनला दिली जाते. सरळ ‘रिटर्न’ मध्ये अ‍ॅरेचं नाव लिहिलं तर जीसीसी आपण होऊन वॉर्निंग देतो. मधे एक-दोन पॉइंटर फिरवले की मात्र ती हमखास मिळेलच असं नाही. हाच प्रकार फंक्शनच्या आतल्या एखाद्या छोट्या ब्लॉकचाही होतो. ब्लॉकमधल्या व्हेरिएबलचा पत्ता बाहेरच्या पॉइंटरमध्ये ठेवायचा आणि ब्लॉक संपल्यावर वापरायचा. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्याची कंपायलरची सोय) न लावता हे पुष्कळदा चालून जातं. ‘-ओ२’ हा तसा पर्याय लावला की कंपायलर तीच जागा दुसऱ्या व्हेरिएबलला देऊ शकतो आणि आकडे बदलतात. माझ्या मशीनवर तर चालतंय, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच शोधतो.

स्टॅटिक लोकलची किंमत मोजावी लागते ती कुठे, हे बघायचं असेल तर ‘स्ट्रटोक’ वापरून बघा. स्ट्रिंगचे तुकडे करणारं हे प्रमाणित लायब्ररीतलं फंक्शन आपण कुठवर आलो ते स्वतःच्या आत, कॉल संपला तरी टिकणाऱ्या जागेत लक्षात ठेवतं, म्हणून दुसऱ्या वेळी त्याला नल (रिकामा पॉइंटर) दिलं तरी ते पुढे जातं. पण एका ओळीचे स्वल्पविरामावर तुकडे करताना मधेच एका तुकड्याचे स्पेसवर तुकडे करायला घेतलेत की आधीची खूण पुसली जाते आणि बाहेरचा लूप अर्धवट सुटतो. ही खूण बोलावणाऱ्याकडे ठेवणारं ‘स्ट्रटोक_आर’ पॉझिक्समध्ये (युनिक्स पद्धतीच्या सिस्टिम्सच्या प्रमाणात) याचसाठी आलं.

पुन्हा शॅडोइंगकडे येतो, कारण त्याने मला एकदा फार मोठा धडा दिलाय. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी आम्ही फर्मवेअर (उपकरणातच बसवलेला प्रोग्राम) लिहिलं होतं. उसाची गाडी काट्यावर आली की वजन ऑफिसातल्या कॉम्प्युटरला पाठवायचं, पोचलं नाही तर पुन्हा एकदा पाठवायचं आणि तरीही नाही पोचलं तर नोंद शिलकीत ठेवून मिनिटाने परत प्रयत्न करायचा. कोड साधारण असा होता:

इंट स्थिती = पाठव(नोंद);
इफ (स्थिती != ठीक) {
    थांब(२००);
    इंट स्थिती = पाठव(नोंद);
    लॉग(स्थिती);
}
इफ (स्थिती != ठीक)
    शिलकीत_ठेव(नोंद);

दुसऱ्या प्रयत्नाच्या ओळीत सवयीने ‘इंट’ पडलं होतं. दुसरा प्रयत्न यशस्वी झाला तरी ते यश आतल्या ‘स्थिती’त गेलं आणि कंस संपताच नाहीसं झालं. बाहेरची ‘स्थिती’ अपयशच सांगत राहिली. नोंद शिलकीत गेली, मिनिटाने पुन्हा पाठवली गेली आणि एकाच गाडीचं वजन दोनदा चढलं. आमच्या टेबलावर केबल धड होती, पहिलाच प्रयत्न नेहमी यशस्वी व्हायचा, त्यामुळे या फांदीत प्रोग्राम कधी शिरलाच नाही. कारखान्यावर, मोटारींच्या गोंधळात, दर काही गाड्यांमागे पहिला प्रयत्न फसायचा. शेतकऱ्याच्या उसाच्या वजनाचा प्रश्न होता. दोन रात्री आम्ही सिरियल केबल, ग्राउंडिंग, समोरचं सॉफ्टवेअर सगळं तपासलं. लॉगमध्ये ‘ठीक’ स्पष्ट दिसत होतं, म्हणून या दहा ओळींवर कोणाचा संशयच गेला नाही. लॉग आतली ‘स्थिती’ छापत होता, निर्णय बाहेरची घेत होती. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक प्रकल्पात ‘-डब्ल्यूशॅडो’ चालू असतं आणि त्याच्या वॉर्निंगला चूक मानलं जातं.

नावाचा स्कोप नेमका कुठे सुरू होतो, याकडेही एकदा लक्ष द्या. डिक्लरेशनमध्ये नाव लिहून झालं की लगेच, बरोबरच्या चिन्हाच्या आधीच, तो सुरू होतो. त्यामुळे आतल्या ब्लॉकमध्ये ‘इंट क्ष = क्ष;’ लिहिलं तर उजवीकडचा क्ष बाहेरचा नसतो. तो हाच नवा, अजून काहीही न भरलेला क्ष असतो. बाहेरची किंमत आत उतरवून घ्यायची म्हणून ही ओळ लिहिणारे बरेच जण मी पाहिलेत. याच नियमाचा एक सुंदर उपयोगही आहे. ‘स्ट्रक्ट नोड *पी = मॅलॉक(साइझऑफ *पी);’ ही नोडसाठी मेमरी मागणारी ओळ चालते ती यामुळेच, कारण उजव्या बाजूला पोचेपर्यंत ‘पी’ ओळखीचा झालेला असतो.

फंक्शनचे पॅरामीटर (त्याला बाहेरून दिलेल्या किमतींची नावं) आणि फंक्शनचा सगळ्यात बाहेरचा कंस यांचा स्कोप एकच मानला जातो. म्हणून पॅरामीटरच्या नावाचं व्हेरिएबल तिथे पुन्हा डिक्लेअर केलं तर कंपायलर सरळ चूक दाखवतो. पण आतल्या इफच्या किंवा लूपच्या कंसात तेच केलं तर चालतं. आपण वर पाहिलेलं शॅडोइंग तिथे पुन्हा घडतं.

लूपच्या व्हेरिएबलची कथा मला विशेष आवडते. १९८९ च्या प्रमाणित सी मध्ये सगळी डिक्लरेशन्स ब्लॉकच्या सुरुवातीलाच करावी लागत. फॉरच्या कंसात ‘इंट आय = ०’ लिहायची सोय सी ९९ मध्ये, म्हणजे १९९९ च्या आवृत्तीत, आली. ज्यांनी कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी च्या निळ्या स्क्रीनवर सुरुवात केली, त्यांचा हात आजही मेनच्या पहिल्या ओळीवर ‘इंट आय, जे, के’ लिहायला जातो. त्याच लॅबमध्ये फाइलचं एक्स्टेन्शन सीपीपी ठेवलं, म्हणजे ती सी++ ची फाइल केली, की फॉरमधलं डिक्लरेशन चालायचं, पण जुन्या नियमाने तो ‘आय’ लूप संपल्यावरही दिसत राहायचा. आजच्या सी मध्ये तो फॉरच्या कंसापासून लूपचं शरीर संपेपर्यंतच असतो. तुमचे सर आणि तुमचा कंपायलर वेगवेगळं सांगत असतील तर त्याचं मूळ बहुधा इथे आहे. दोघंही आपापल्या काळाचं बरोबर सांगताहेत.

ही बाब किरकोळ नाही, हे लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) उदाहरणावरून कळेल. कर्नल २०२२ पर्यंत १९८९ च्या नियमांवर, जीसीसीच्या वाढीव सोयींसह, बांधला जात होता. त्यात लिंक्ड लिस्टवरून (पॉइंटरने एकमेकांना जोडलेल्या घटकांच्या यादीवरून) फिरण्यासाठी एक मॅक्रो (कंपाइल होण्याआधी कोडमध्ये उलगडणारा मजकूर) आहे. फिरणारा पॉइंटर फॉरच्या आत डिक्लेअर करता येत नसल्यामुळे तो लूपच्या बाहेर आधी डिक्लेअर करावा लागायचा आणि त्यामुळे लूप संपल्यावरही त्याचं नाव दिसत राहायचं. ब्रेक न होता लूप पुरा झाला तर तो पॉइंटर खऱ्या घटकाकडे नसतोच. लिस्टच्या मुळाला घटक समजून मागे मोजलेला, अर्थहीन पत्ता त्यात असतो. नाव दिसतंय म्हणून पुढच्या ओळींत तो वापरला जायचा, आणि अशा चुका कर्नलमध्ये खरोखर सापडल्या. त्या चर्चेत लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी मुळावर बोट ठेवलं: व्हेरिएबल लूपच्या आतच डिक्लेअर करता आलं असतं तर बाहेरचा वापर कंपायलरनेच अडवला असता. त्यातून कर्नल सी ११ वर (२०११ च्या आवृत्तीवर) नेण्याचं ठरलं आणि मे २०२२ मध्ये आलेल्या ५.१८ आवृत्तीत ते झालं. इतका मोठा, इतक्या जणांच्या नजरेखालून जाणारा कोड, आणि भाषेची आवृत्ती बदलायला कारण ठरला तो एका व्हेरिएबलचा स्कोप.

फाइलच्या पातळीवर येऊ. कोणत्याही कंसाबाहेर डिक्लेअर केलेलं नाव त्या ओळीपासून फाइलच्या शेवटापर्यंत दिसतं. त्याच्या वरच्या फंक्शनला ते दिसत नाही, हे विसरू नका. इथे तिसरा प्रश्न उभा राहतो: दुसऱ्या फाइलमधल्या त्याच नावाशी याचं नातं काय? याला लिंकेज म्हणतात आणि ते लिंकरच्या (वेगवेगळ्या फाइल्स जोडून एक प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाच्या) अखत्यारीतलं काम आहे. साधं ग्लोबल नाव सगळ्या प्रोग्रामला खुलं असतं. पुढे ‘स्टॅटिक’ लावलं की ते त्या फाइलपुरतं राहतं. म्हणजे ‘स्टॅटिक’ हा एकच शब्द दोन कामं करतो: फंक्शनच्या आत तो आयुष्य वाढवतो, फंक्शनच्या बाहेर तो दृश्यता कमी करतो. तुमचा गोंधळ यातूनच झाला असणार, आणि त्यात तुमची चूक नाही. भाषेनेच एका शब्दावर दोन ओझी टाकली आहेत.

‘एक्स्टर्न’ म्हणजे हे व्हेरिएबल दुसरीकडे कुठेतरी बनवलेलं आहे, इथे फक्त त्याची ओळख करून देतोय. हेडर फाइलमध्ये (अनेक सी फाइल्समध्ये घेतल्या जाणाऱ्या सामायिक फाइलमध्ये) एक्स्टर्नसह ओळख ठेवायची आणि खरी व्याख्या एकाच सी फाइलमध्ये. हेडरमध्ये ‘इंट मोजणी;’ असं नुसतं लिहून ते चार फाइल्समध्ये घेतलं तर जुना जीसीसी त्या चारही जागा निमूटपणे एक करून टाकायचा. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० ने ही सवलत बंद केली, आणि वर्षानुवर्षं बांधला जाणारा जुना कोड एकाएकी ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून अडू लागला. तुम्हाला तो एरर दिसला तर हेडर उघडून एक्स्टर्न राहिलंय का ते बघा. कोणतं नाव बाहेर उघडं पडलंय हे तपासायला लिनक्सवर ‘एनएम’ ही कमांड ऑब्जेक्ट (कंपाइल झालेल्या) फाइलवर चालवा. तुम्ही बनवलेल्या नावाआधी मोठ्या लिपीतलं इंग्रजी अक्षर असेल तर ते सगळ्यांना खुलं आहे, लहान लिपीतलं असेल तर फाइलपुरतं. पहिल्यांदा ती यादी बघाल तेव्हा किती नावं विनाकारण उघडी आहेत ते दिसेल.

बाकीचे दोन स्कोप क्वचितच लागतात. गोटूचं लेबल (उडी मारून जायच्या जागेचं नाव) पूर्ण फंक्शनभर दिसतं, अगदी स्वतःच्या वरच्या ओळींतही. प्रोटोटाइपमधली (फंक्शनची आगाऊ ओळख देणाऱ्या ओळीतली) पॅरामीटरची नावं त्या प्रोटोटाइपबरोबरच संपतात. डिफाइनने केलेल्या मॅक्रोला स्कोपच नसतो. फंक्शनच्या आत लिहिला तरी तो अनडेफने रद्द होईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत चालू राहतो, कारण मॅक्रो उलगडणाऱ्या प्रीप्रोसेसरला कंस कळत नाहीत. स्विचमध्ये पहिल्या केसच्या आधी ‘इंट वाय = ५;’ लिहू नका. नाव दिसतं, पण प्रोग्राम उडी मारून पुढे गेल्यामुळे त्यात ५ कधीच भरले जात नाहीत.

आता मित्राच्या सल्ल्याबद्दल. चाळीस ओळींच्या प्रोग्राममध्ये सगळं ग्लोबल केलं तर काही बिघडणार नाही. पण ग्लोबलची किंमत चुकीच्या आकड्यात एकदम दिसत नाही, ती शोधण्याच्या वेळात दिसते. लोकल व्हेरिएबलची किंमत बिघडली तर संशय वीस ओळींवर असतो, ग्लोबलची बिघडली तर सगळ्या फाइल्सवर. माझ्या क्षेत्रात ग्लोबल पूर्ण टाळता येत नाही. इंटरप्ट (चालू काम मधेच थांबवणारा इशारा) आला की हार्डवेअर जे फंक्शन चालवतं त्याला पॅरामीटर देता येत नाहीत, मग मुख्य लूपला निरोप पोचवायला फाइल पातळीवरचं व्हेरिएबल लागतंच. तिथेही आम्ही ते ‘स्टॅटिक व्होलाटाइल’ ठेवतो (व्होलाटाइल म्हणजे किंमत कधीही बदलू शकते अशी कंपायलरला सूचना) आणि बाहेरच्यांना वाचण्यापुरतं एक फंक्शन देतो.

तुमच्या प्रोग्राममध्ये बेरीज मेनच्या आत, लूपच्या अगदी वर डिक्लेअर करा, आतलं ‘इंट’ काढा, ‘आय’ फॉरच्या कंसातच ठेवा. गुणांचा अ‍ॅरे ग्लोबल न ठेवता बेरीज करणाऱ्या फंक्शनला अ‍ॅरे आणि त्यातली संख्या असे दोन पॅरामीटर द्या. मग ‘-डब्ल्यूऑल -डब्ल्यूशॅडो’ लावून एकदा जुना आणि एकदा नवा प्रोग्राम कंपाइल करा. जुन्यावर आलेल्या वॉर्निंगमध्ये दोन ओळींचे क्रमांक असतील, आतल्या बेरजेचा आणि तिने झाकलेल्या बाहेरच्या बेरजेचा.